बाबांचा फॉर्म आणि दादाचा ‘ना’

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

माझे वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. वय ६३. तंबाखू मळायची जुनी सवय. यंदा डाव्या गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता शेक (रेडिएशन) चालू आहेत. ३० पैकी १८ झाले. रुग्णालयात अधूनमधून ‘जीवनाची गुणवत्ता’ मोजायचा ३० प्रश्नांचा फॉर्म देतात. निघायच्या घाईत बाबांचा चष्मा घरीच राहतो, म्हणून दादा शेजारी बसून प्रश्न वाचतो : ‘बाबा, झोप लागते ना? फार दुखत नाही ना? पैशाचं काही टेन्शन नाही ना?’ बाबा मान हलवतात, दादा ‘अजिबात नाही’वर खूण करतो. शेवटी सातपैकी आकडा द्यायचा असतो, तिथे दर वेळी सहा. घरी मात्र बाबा आमच्यासोबत जेवत नाहीत. आम्ही झोपलो की स्वयंपाकघरात दिवा न लावता पेज पितात. फोन घेत नाहीत. डेपोसमोरच्या टपरीवर रोज सकाळी सहाला मित्रांबरोबर चहा व्हायचा, तोही बंद. आईच्या पाटल्या गहाण आहेत, ते बाबांना माहीत नाही असं आम्ही धरून चाललोय. दादा म्हणतो, फॉर्मवर वाईट लिहिलं तर डॉक्टर शेक थांबवतील. मला वाटतं, बाबा खोटं सांगतात आणि डॉक्टर त्या खोट्यावर औषध देतात. पुढचा फॉर्म मीच भरू का? की बाबांना न कळू देता डॉक्टरांना सगळं सांगू? आणि ३० प्रश्नांत एका माणसाचं जगणं मावतं तरी का?

उत्तर :

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ अडकले ती एका अक्षरापाशी. दादाच्या ‘ना’पाशी.

‘झोप लागते का?’ आणि ‘झोप लागते ना?’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पहिल्यात विचारणं आहे, दुसऱ्यात विनवणी. पंगतीत ‘पोटभर झालं ना?’ असं विचारल्यावर ‘नाही हो, आमटी कमी पडली’ असं कोण म्हणतं? तुमचे बाबाही म्हणत नाहीत. कामधंदा सोडून शेजारी बसलेला मुलगा ‘दुखत नाही ना?’ विचारतोय, तर बाप मान हलवणारच. ते फॉर्म भरत नाहीयेत, दादाला धीर देताहेत.

आता त्या कागदाविषयी. ३० प्रश्न आणि शेवटी सातपैकी आकडा, म्हणजे तो ‘ईओआरटीसी क्यूएलक्यू-सी३०’ असणार. ब्रुसेल्सला मुख्यालय असलेल्या कॅन्सर संशोधनाच्या एका युरोपीय संस्थेने तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला आणि आज जगभर वापरला जातो. पहिल्या २८ प्रश्नांना चार-चार उत्तरं : अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. चालणं-फिरणं, रोजचं काम, दुखणं, मळमळ, थकवा, झोप, भूक, चिडचिड, काळजी, घरच्यांशी आणि बाहेरच्यांशी वागणं, पैसा. शेवटचे दोन प्रश्न एकूण तब्येत कशी आणि एकूण जगणं कसं, याचे. मराठीतही तो आहे. अशा फॉर्मचा अनुवाद करताना दोन माणसं वेगवेगळा अनुवाद करतात, तो जुळवला की आणखी दोघं त्याचा उलटा इंग्रजी अनुवाद करतात, मग खऱ्या रुग्णांना विचारून पाहतात की हा शब्द खटकला का, हा प्रश्न काय विचारतोय असं वाटलं. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हा फॉर्म आणि त्याची तोंड-घशाच्या कॅन्सरची पुरवणी इथल्या रुग्णांवर तपासून पाहिली आणि २००५ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. एवढी सगळी मेहनत, आणि दादाने एका ‘ना’त ती धुऊन टाकली! (त्याला रागावू नका. आपल्यापैकी कुणीही तेच केलं असतं. मीसुद्धा केलंय, ते पुढे सांगते.)

तुम्ही विचारता, पुढचा फॉर्म मी भरू का. नको. का ते कळायला थोडं मागे जावं लागेल. पूर्वी रुग्ण कसा आहे हे डॉक्टरच ठरवायचे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी शून्य ते १०० ची एक पट्टी केली, डॉक्टर बघून आकडा लिहीत. आजही बाबांच्या केसपेपरवर ‘ईसीओजी १’ किंवा ‘२’ असं काहीतरी असेल, तो त्याच जातीचा आकडा : आजारापूर्वीसारखं सगळं करणारा माणूस शून्य, अंथरुणाला खिळलेला चार. पुढे १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी गंमत केली. तेच फॉर्म डॉक्टरांनीही भरले, रुग्णांनीही भरले. उत्तरं जुळेनात. तेव्हापासून हा विचार पक्का होत गेला की दुखतंय किती, हे ज्याचं दुखतंय त्यालाच विचारायचं.

नातेवाइकांबाबतही असंच आढळतं. उलटी किती वेळा झाली, जिना चढवतो का, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत घरच्यांची आणि रुग्णाची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात. मनात काय चाललंय यात जुळत नाहीत, आणि घरचे साधारणपणे रुग्णापेक्षा वाईटच चित्र रंगवतात. प्रेमापोटी, भीतीपोटी. तुम्ही भरलेला फॉर्म म्हणजे अंधाऱ्या स्वयंपाकघराच्या दारातून बाबांकडे पाहणाऱ्या लेकीचा फॉर्म होईल. त्यालाही किंमत आहे, पण तो कागद वेगळा. त्याकडे येतेच.

आधी ‘खोटं’ या शब्दाकडे. मला तो घाईचा वाटतो.

कंडक्टरच्या हातात सारी हयात वेबिल असतं. तिकिटं आणि पैसे जुळले पाहिजेत, तपासणी पथक कुठल्याही फाट्यावर हात दाखवून गाडी थांबवू शकतं. अशा माणसाला छापील कागद दिला की तो निर्दोष भरणं हेच काम वाटतं. खाडाखोड नको, शेरा नको, वरून कुणी बोलवायला नको. ही सवय आहे. हिला खोटेपणा म्हणत नाहीत.

शिवाय प्रश्नांचीही एक गंमत आहे. पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्यासारख्या कष्टाच्या कामात त्रास होतो का, असा. बाबांनी कित्येक आठवड्यांत पिशवी उचलली नसेल, तुम्ही उचलू दिली नसेल. मग त्रास कसला? ‘अजिबात नाही.’ पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का, असा एक आहे. चष्मा घरी, पेपर हातात घेतलेला नाही, तर काय सांगतील? आपल्याकडे बायकांचं तर नेहमीच असं होतं. कामात अडचण येते का म्हटलं की ‘नाही’, कारण काम सुनेने काढून घेतलेलं असतं. आणि बहुतेक प्रश्न फक्त मागच्या आठवड्याबद्दल असतात. तेवढं वाक्य वाचायचं राहिलं, तर कुणी आजचं सांगतं, कुणी आजारपणाची सगळी गोळाबेरीज.

आणि तो सहाचा आकडा खराही असू शकतो, हे मनात ठेवा. आजारपणात माणसाची मोजपट्टीच सरकते. मिर्याम स्प्रांगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ या दोन संशोधक बाईंनी १९९९ मध्ये याची नीट मांडणी केली : माणूस आतून आपलं माप बदलतो, कशाला किती महत्त्व द्यायचं ते बदलतो, कधी ‘चांगलं जगणं’ म्हणजे काय हेच बदलतो. ज्याने ऑपरेशननंतर घोटभर पाणी गिळायला दहा मिनिटं घेतली, त्याला आज वाटीभर पेज गेली हे सातपैकी सहाचं वाटू शकतं. तुमचं माप अजून टपरीवरच्या चहाचं आहे. दोघंही खरं बोलताय. खात्री करायची तर एखाद्या निवांत वेळी विचारा : ‘मागच्या दिवाळीत काय आकडा दिला असता?’ ‘तेव्हा पाच, आता सहा’ असं म्हणाले तर दचकू नका, ‘कसं काय?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

दादाच्या भीतीचं मात्र तोंडावर उत्तर द्यायला हवं, कारण ती उलटी आहे. शेक थांबवायचे की नाही हे डॉक्टर तोंडातले फोड, वजन, रक्ताचे रिपोर्ट आणि तपासणी पाहून ठरवतात. ‘बरंच दुखतं’वर खूण केली म्हणून मशीन बंद करत नाहीत. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये शेकात खंड पडणं वाईट, म्हणून डॉक्टर तो टाळायचाच प्रयत्न करतात. खंड पडतो तो कशाने? दुखणं सहन होईनासं होतं, गिळणं बंद होतं, वजन घसरतं, अशक्तपणा येतो, तेव्हा. दुखतंय हे वेळेवर कळलं तर औषध वाढवता येतं, आहारतज्ज्ञ बघतात, लागली तर नाकातून नळी घालून पोट सांभाळता येतं. लपवलं तर शेक थांबायची शक्यता वाढते. अठरा झाले म्हणजे चौथा आठवडा. तोंडाचा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चढत जातो आणि शेक संपल्यावरही थोडे आठवडे राहतो. म्हणजे खरं बोलायची गरज आता आहे.

पण आधी एक गोष्ट विचारून घ्या, आणि हे असा फॉर्म हातात पडणाऱ्या प्रत्येक घराने विचारावं : हा कागद वाचतं कोण? कधी तो उपचाराचा भाग असतो, नर्स किंवा डॉक्टर त्याच दिवशी बघतात. कधी तो एखाद्या संशोधनाचा असतो, शेकडो रुग्णांचे फॉर्म गोळा होऊन कितीतरी महिन्यांनी संगणकात जातात. दुसऱ्या प्रकारात बाबांनी ‘खूप दुखतं’वर चार वेळा खूण केली तरी त्या दिवशीच्या डॉक्टरपर्यंत ते पोहोचेलच असं नाही. तुम्ही म्हणता, डॉक्टर त्या खोट्यावर औषध देतात. कदाचित डॉक्टरांनी तो फॉर्म पाहिलेलाही नसेल! म्हणून फॉर्मवर खरं लिहा, आणि दुखणं तोंडानेही सांगा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

हे सांगणं किती मोलाचं असतं, याचा एक दाखला देते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात पसरलेला कॅन्सर असलेल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास झाला. एका गटाने केमोथेरपीच्या काळात आपली १२ लक्षणं नेमाने संगणकावर नोंदवायची, त्रास वाढला की नर्सला इशारा जायचा. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी काळजी घेतली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले : नोंद करणाऱ्या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्यातले निम्मे २६ महिन्यांहून. ते रुग्ण वेगळे, आजाराची पायरी वेगळी, त्यामुळे हे आकडे बाबांना लावू नका. पण ‘सांगून काय होणार’ असं दादा म्हणाला तर हे सांगा.

आकड्यांवरून आठवलं. फॉर्मची सहसा एकच एक बेरीज मारत नाहीत. उत्तरं शून्य ते १०० वर बदलतात, चालणं-फिरणं-मन यांत जास्त म्हणजे चांगलं, दुखणं-मळमळ-थकवा यांत जास्त म्हणजे वाईट. दुखण्याचे प्रश्न दोनच, त्यातलं एक उत्तर ‘अजिबात नाही’वरून ‘थोडं’वर गेलं की आकडा १६-१७ ने सरकतो. आणि दहाच्या पुढचा फरक साधारणपणे दखल घेण्याजोगा धरतात. म्हणजे बाबांनी खरेपणाने हलवलेली एक खूण पुरते. सगळंच्या सगळं दुःख कागदावर ओतायची गरज नाही, हे त्यांनाही सांगा, हायसं वाटेल.

मग पुढच्या वेळी काय करायचं? फॉर्म हातात आला की दादाने चहाला जायचं. खरंच जायचं, दारात घुटमळायचं नाही. दहा-अकरा मिनिटांचं काम आहे. बाबा स्वतः वाचून खुणा करतील. डोळे थकले तर तिथल्या नर्सला किंवा मेडिकल सोशल वर्करला वाचायला सांगा. छापलंय तसं, चारही उत्तरांसकट, सुरात काही न मिसळता. आणि घरी आल्यावर ‘काय लिहिलंत?’ विचारायचं नाही. हे सगळ्यात जड जाईल.

मला गेलं होतं. माझ्या मावशीच्या आजारपणात मीच तिच्याशेजारी बसले होते. आजारामुळे घरच्यांबरोबरच्या जगण्यात अडथळा आला का, या प्रश्नाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काय लिहू गं?’ मी ‘नाही’ लिही म्हणाले. वर हसलेही. पुढच्या खेपेला मला यायला उशीर झाला, तिने एकटीने भरला, आणि कागद देताना मला दिसलं की त्याच प्रश्नाला ‘खूप’वर गोल होता. पेन दाबून काढलेला, कागदाच्या मागे उमटलेला. त्या संध्याकाळी आम्ही दोघी कशावर तरी पोटभर भांडलो आणि मग बरं वाटलं.

तुमच्या डोळ्यांना दिसतं ते वाया घालवू नका. त्याची वेगळी चिठ्ठी करा. अर्थ लावायचा नाही, नुसतं दिसलेलं लिहायचं : सोमवारी वजन इतकं, दिवसात पेज दोन वाट्या, रात्री तीनदा उठले, गोळ्या किती घेतल्या, फोन घेतला नाही. ‘खचलेत’ असं लिहू नका, ‘चार दिवस कुणाशी बोलले नाहीत’ असं लिहा. डॉक्टरांना दोन मिनिटं मिळतात, त्यांत हा कागद तुमच्या अर्ध्या तासाच्या रडण्यापेक्षा जास्त बोलेल.

आणि ही चिठ्ठी चोरून देऊ नका. ज्याने आयुष्यभर तपासणी पथकाच्या सावलीत नोकरी केली, त्याला घरातच तपासनीस बसलाय असं कळलं तर उरलेलंही लपवेल. आदल्या रात्री वाचून दाखवा : ‘बाबा, मला हे दिसलं. उद्या डॉक्टरांना सांगणार आहे. काही चुकलं असेल तर खोडा.’ खोडू दे त्यांना. खोडताना जे बोलतील ते ऐका. याला अपवाद आहेत : पाणीही गिळता येईना, श्वास लागला, तोंडातून रक्त थांबेना, किंवा ‘आता जगून काय करायचं’ अशी भाषा आली, तर परवानगी न मागता लगेच सांगायचं. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं. ती तुमच्यासाठीही आहे.

पाटल्यांबद्दल. पैशाचा प्रश्न त्या फॉर्ममध्ये मुद्दाम आहे, अठ्ठाविसावा. त्या प्रश्नाला दादाने ‘नाही ना?’ जोडलं, कारण उत्तर त्याच्याच खिशात आहे. पण गर्दीच्या गाडीत सुट्ट्या पैशांचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला बायकोचे मोकळे मनगट दिसत नसतील, हे मला पटत नाही. त्यांना बहुतेक माहीत आहे आणि माहीत नसल्याचं ते तुमच्यासाठी वठवताहेत. सांगून टाका. आणि मेडिकल सोशल वर्करला भेटा : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, काय राहिलंय, धर्मादाय ट्रस्टकडून काही होतं का. आधी विचारलं नसेल तर आता विचारा, शेक संपायची वाट पाहू नका.

राहता राहिलं, ३० प्रश्नांत जगणं मावतं का. नाही मावत, आणि फॉर्म बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. म्हणून तर तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी ३५ प्रश्नांची ती पुरवणी आहे. तुम्ही ३० च प्रश्न म्हणताय, म्हणजे ती बाबांना मिळालेली दिसत नाही. नर्सला विचारा. त्यात काय आहे माहीत आहे? तोंड कोरडं पडतं का, लाळ चिकट होते का, तोंड उघडतं का. आणि पुढे : घरच्यांसमोर जेवायला अवघड वाटतं का, बाहेरच्या लोकांसमोर वाटतं का, फोनवर बोलायला त्रास होतो का, आपल्या दिसण्याचा त्रास होतो का. तुम्ही दारातून जे बघता ते कुणीतरी आधीच छापून ठेवलंय. बाबा अंधारात एकटे जेवतात ते घरच्यांवर रुसून नसावं. ओठाच्या कोपऱ्यातून पेज ओघळते आणि ती कुणी पाहू नये, एवढंच असेल. हा इतक्या जणांचा त्रास आहे की त्याचा प्रश्न झाला, हे कळण्यानेही माणूस जरा सैलावतो. गिळण्या-बोलण्याचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट मोठ्या रुग्णालयांत असतात, पुरवणीतली ती उत्तरं घेऊन त्यांच्याकडे जाता येतं.

याच्याही पलीकडची एक रीत डब्लिनमध्ये निघाली. तिथल्या संशोधकांनी प्रश्नच छापले नाहीत. रुग्णाला विचारलं, तुमच्या जगण्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या पाच गोष्टी तुम्हीच सांगा, मग त्या आज कशा चालल्यात ते सांगा. हे तुम्ही घरीही करू शकता, आकडे न मांडता. बाबांच्या पाचांत डेपोसमोरचा चहा निघाला, तर त्यावर काही करता येईल. गरम चहा आत्ता झोंबेल, पण मित्रांना गार दुधाचा ग्लास घेऊन घरी बोलावता येईल, एकेकट्याला, सकाळी सहालाच. एसटीत उभं आयुष्य काढलेल्या माणसांना वेळेवर यायला सांगावं लागत नाही.

आणि सोमवारी निघताना चष्मा. फाईलच्या पिशवीत आदल्या रात्रीच टाकून ठेवा.